खुशालरावांची चूक

सोमवारी सकाळी खुशालराव उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या हातून चुकी झाली." अहो, खुशालराव आणि चूक! आमच्या डाळमिलमध्ये रंग पाहून डाळ निवडणारं मशीन आहे, ते या माणसाच्या हाती आल्यापासून त्यातून निघालेल्या डाळीची एक तक्रार कोणी ऐकली नव्हती.

खाली मान घालून त्यांनी सांगितलं, की शनिवारी मशीनची सेटिंग हलली, तुरीच्या डाळीत लाखोळी, म्हणजे तुरीसारखीच दिसणारी हलकी लाखेची डाळ, राहून गेली असेल. तो माल पोत्यांत भरून शिवून तयार होता आणि दुपारच्या ट्रकने अमरावतीला निघायचा होता. तिथला मोठा व्यापारी पहिल्यांदाच आमच्याकडून डाळ घेत होता.

आता ही सोमवारची बैठक काय भानगड आहे ते सांगते. शेठची पोरगी दामिनी शिकून अकोल्यात परत आली आणि तिने हा नियम काढला. आठवड्यात ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्याने स्वतः सांगायचं. रागावणं नाही, पगार कापणं नाही, सगळ्यांनी मिळून उपाय शोधायचा. आधी कोणी तोंड उघडेना. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेणार? शेवटी मीच बोलले, कारण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पॅकिंग माझ्याकडे आहे आणि हरभऱ्याच्या पोत्यांना मी तुरीची लेबलं लावून मोकळी झाले होते. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. उलट सगळी मिल माझ्या टेबलाशी गोळा झाली, उपायावरून भांडाभांडी झाली, आणि दोन्ही लेबलांचे डबे समोरासमोरच्या भिंतींना गेले. मग पोती शिवणारा स्वप्निल बोलला, मग बाकीचे. ज्याची चूक, त्याच्याभोवती दिवसभर माणसं. बाजारातून परत येणारी पोती थांबली, तुटलेली गिऱ्हाइकं पुन्हा जोडली गेली, यंदा दुसरी पाळीसुद्धा सुरू झाली. शेठ आधी याला पोरीचं खूळ म्हणायचे, आता पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.

खुशालरावांकडे मात्र कोणी फिरकत नसे. चूकच नाही, तर जायचं कशाला? त्यांची बायको पार्बताबाई मागच्या वर्षी गेली. मुलगा विपुल पुण्यात, रविवारी फोन करतो. डबा ते मशीनपाशी भिंतीकडे तोंड करून खात. आम्ही म्हणायचो, माणूस शिष्ट आहे.

तर दामिनीताईने ट्रक थांबवला आणि अमरावतीला स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. आम्ही पोती उसवली आणि सुपं घेऊन खुशालरावांच्या मशीनभोवती बसलो. काय सांगू, तो माणूस त्या दिवशी नुसता बोलत होता. मोझरीच्या यात्रेच्या गर्दीत नवी नवरी पार्बताबाई हरवली, हे रडकुंडीला येऊन सगळीकडे शोधत फिरले, आणि बाई भज्यांच्या गाडीवर आरामात खात बसलेली सापडली. आम्ही हसून हसून बेजार झालो. त्यांनी माझा ठेचा मागून खाल्ला आणि ठसका लागला तरी अजून मागितला.

संध्याकाळ झाली. लाखोळीचा एक दाणा निघाला नाही. तेवढ्यात अमरावतीचा फोन आला, की त्या व्यापाऱ्याने दुसरीकडून माल उचलला. शेठ दामिनीताईला सगळ्यांसमोर बोलले. ती म्हणाली, चूक सांगणाऱ्यावर मी रागावणार नाही, उद्या मेकॅनिक बोलावून मशीनच नीट करून घेते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे हातपाय धुवायला गेल्यावर मी खुशालरावांना गाठलं.

"भाऊ, डाळ साफ हाय. तुमाले पयलेच माहीत होतं ना?"

ते मशीनची काच पुसत राहिले. "हो."

"मंग कावून केलं असं?"

"चुकी झाली का सारे त्याच्यापाशी येऊन बसतात. म्या पाहून राहिलो ना इतक्या दिसाचा. घरी टीव्हीचाच आवाज असते. मले वाटलं, एक दिवस माह्यापाशी बी बसतीन."

मी भांडायला गेले होते. माझे डोळे भरून आले आणि स्वतःचाच राग आला. मी त्यांना म्हटलं, झालं ते झालं, आता तोंड मिटून राहा. बैठकीत लोक खोटं बोलतात हे शेठना कळलं तर ते ती बंदच करतील. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, मेकॅनिक नसलेला दोष शोधत बसेल आणि चांगलं मशीन बिघडवून ठेवेल.

रातोरात त्यांनी मन घट्ट केलं असावं. सकाळी सोमवार नसतानाही त्यांनी दामिनीताईला सांगून सगळ्यांना बोलावून घेतलं.

"ते चुकी खोटी होती," ते म्हणाले. "मशीन बरोबर हाय. त्याले हात लावू नका. शिक्षा द्याची असन तर मले द्या."

का केलं, दामिनीताईने विचारलं. ते माझ्याकडे एकदा बघून गप्प राहिले, म्हणून मीही गप्प राहिले. नियम तो नियम, शिक्षा नाही, ती म्हणाली. मग सवयीने आम्हाला विचारलं, यावर काय करता येईल? पट्टे, चाळण्या, शिलाई, सगळ्यावर तोडगे काढणारे आम्ही खाली बघत बसलो. स्वप्निल विषय बदलायला म्हणून स्वतःची काहीतरी चूक सांगायला लागला, तर मागून कोणीतरी म्हणालं, "खरी का खोटी?" दोघेतिघे हसले. भोंगा झाला आणि सगळे भराभर उठले.

बैठकीला आम्ही बसतो ती गोदामाची ताडपत्री मोठी आहे, घडी घालायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी कोणी थांबलं नाही. खुशालरावांनी एक टोक उचललं, चालत दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, तिथे गुडघ्याने दाबून धरलं आणि पुन्हा मागे फिरले. मी जाऊन समोरचं टोक धरलं.

"राहू द्या, दुर्गाबाई," ते म्हणाले. "मले एकट्याले जमते."

मी टोक सोडलं. त्यांनी घडी पूर्ण घातली, काठाला काठ बरोबर जुळवला, आणि जाऊन मशीन सुरू केलं.