झाडाच्या वतीनं

माझा भाऊ आम्ब्रोस दर फेब्रुवारीत झाडांच्या छाटणीचे वर्ग घेतो. लांबून, अगदी व्हिएन्नाहूनसुद्धा माणसं येतात, नवे कोरे गमबूट घालून. पहिल्या दिवशी तो शिडीवर चढतो, करवत फांदीला लावतो आणि म्हणतो, "घाबरू नका. याला मेंदू नाही, कान नाहीत, मन नाही. याला दुखत नाही. कापा." मग एखादी बाई हमखास म्हणते, "पण मी रडले की आमच्या घरातलं रबराचं झाड मान टाकतं." त्यावर आम्ब्रोस म्हणतो, "रडण्याच्या नादात तुम्ही पाणी घालायला विसरत असाल."

हाच आम्ब्रोस नाताळच्या चार दिवस आधी, संत टोमासच्या दिवशी, दुपारी तीन वाजता कुऱ्हाड घेऊन अंगणातल्या पेअरच्या झाडापुढे उभा राहतो आणि त्याला धमकी देतो.

हे जरा विचित्र नाही का, असं मी त्याला बऱ्याचदा विचारलंय. तो म्हणतो, "ती रीत आहे, हेर्मा. रीत वेगळी, विज्ञान वेगळं." मी त्याची धाकटी बहीण. समोरच्याच घरात राहते. शाळा आठवीपर्यंत, बाकीचं सगळं वाचनालयातून, त्यामुळे मला विज्ञान समजावून सांगणं हा तो आपला हक्क समजतो.

रीत अशी. दर वर्षी, झाडानं फळ दिलेलं असो वा नसो, त्याच्या खोडाला घरधन्यानं कुऱ्हाड टेकवायची आणि एकदाच विचारायचं, "फळणार की पडणार?" झाडाला काही बोलता येत नाही, म्हणून घरातल्याच दुसऱ्या माणसानं त्याच्या वतीनं म्हणायचं, "राहू दे, पुढच्या वर्षी देईल." मग शेजारीपाजारी सुक्या पेअरचा पाव खातात, याच फळांचा रस आंबवून केलेल्या मोस्टचे पेले रिकामे करतात आणि आपापल्या घरी जातात. शेजाऱ्यानं झाडाला जामीन राहिलेलं चालत नाही. आणि घरातलं कुणीच बोललं नाही, तर कुऱ्हाड चालवावी लागते.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. आमच्या शेजारच्या किलिआनच्या अंगणात एक बुंधा आहे, त्यावर ते दुधाचे कॅन ठेवतात. किलिआनच्या चुलत्यानं, घरातली सगळी चर्चला गेलेली असताना, झाडाला प्रश्न विचारला. मग त्याच्या ध्यानात आलं की उत्तर द्यायला कुणी नाही. पण विचारून बसला होता. घरची परत आली तेव्हा तो आडव्या खोडावर बसून रडत होता म्हणे.

आमच्याकडे झाडाच्या वतीनं बोलायचं काम माझी भावजय बुर्गी करते. गेली अडतीस वर्षं. एरवी ती इतकं हळू बोलते की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

तर या झाडानं चार वर्षं एकही फळ दिलं नव्हतं. एप्रिलमध्ये फुलोरा यायचा, अंगण पांढरं व्हायचं, आणि नेमकी एखादी रात्र अशी गोठवणारी यायची की सकाळी सगळं तपकिरी. चौथ्या वर्षीच्या ऑक्टोबरात किलिआनच्या कोठारात रस काढायला आम्ही जमलो होतो. आम्ब्रोस आणि बुर्गी सोडून अकरा माणसं. किलिआननं विचारलं, "काय आम्ब्रोस, तुझं झाड काय म्हणतंय?"

आम्ब्रोसच्या पोटात तेव्हा तीन पेले होते. म्हणाला, "झाड अगदी माझ्या बायकोसारखं आहे. सगळं ऐकून घेतं, हो म्हणतं, आणि देत काहीच नाही."

सगळे हसले. मीही हसले. त्या दोघांना मूल नाही, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ब्रोसच्या तर नाहीच नाही. बुर्गी पाव कापत होती. तिनं तो शेवटपर्यंत कापला, सुरी पुसली, ओव्हरकोट घातला आणि चालत घरी गेली.

त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, पण जिरेनियमच्या कुंडीमार्फत. थंडी सुरू झाली की बाहेरचं जिरेनियम आत स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं. बुर्गी त्याच्याकडे तोंड करून म्हणायची, "त्याला सांग, सूप गार होतंय."

"त्या कुंडीला कान नाहीत," आम्ब्रोस म्हणायचा, आणि येऊन सूप प्यायचा.

आठवड्याभरात तोही त्या कुंडीशीच बोलायला लागला. मी एकदा अंडी द्यायला गेले तर हा खिडकीशी उभा. "तिला विचार, माझा राखाडी स्वेटर कुठंय?" बुर्गी चुलीपाशी, त्याच्यापासून तीन पावलांवर. ती जिरेनियमला म्हणाली, "दोरीवर." त्यानं कुंडीला "आभारी आहे" म्हटलं. मला हसू आवरेना, म्हणून अंडी ठेवून मी बाहेर पडले. आणि सांगते, अख्ख्या गावात त्या हिवाळ्यात असं जिरेनियम नव्हतं. डिसेंबरात त्याला सात फुलं होती. आम्ब्रोस म्हणाला, खिडकी दक्षिणेची आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला गोठ्यात गाठलं. "टोमासच्या दिवसाआधी तिची माफी माग."

"कशाची माफी? गंमत होती ती."

"मग ती जर झाडासाठी बोलली नाही तर?"

"बोलेल. अडतीस वर्षं बोलतेय. ऐन वेळी तिला राहवणार नाही."

"आणि राहवलं तर?"

तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हेर्मा, त्या झाडाला तिच्याशिवाय कोण आहे?" असं म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आल्यासारखा त्याचा हात गाईच्या पाठीवर थांबला. पण माफी मागायला काही आत गेला नाही.

मग मी बुर्गीकडे गेले. ती पावासाठी सुकी पेअर भिजत घालत होती. आमची नव्हेत, किलिआनकडची.

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं. "आणि तूही मध्ये पडू नकोस. तू शेजारीण आहेस आता."

"झाड जाईल, बुर्गी. दीडशे वर्षांचं आहे."

"या झाडाच्या वतीनं मी दर वर्षी बोलते. त्या दिवशी कोठारात अकराजण होते. माझ्या वतीनं कोण बोललं?" तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "तू माझ्या शेजारी बसली होतीस. तुझा खांदा हलत होता."

त्या खिडकीतलं जिरेनियमसुद्धा माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं, आणि मी तर अजून त्याला काही बोललेही नव्हते.

टोमासच्या दिवशी बर्फ नावापुरतंच होतं. तीन वाजता किलिआन आणि त्याची बायको फ्रीडा आली, आणखी चारपाच माणसं आली. बुर्गीनं पाव, पेले, सगळं अंगणातल्या बाकावर नीट मांडून ठेवलं, आणि हात ॲप्रनच्या खिशात घालून ती भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ब्रोस कुऱ्हाड घेऊन आला. टोपी काढली. पातं खोडाला टेकवलं.

"फळणार की पडणार?"

काही नाही. छपरावरून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

आम्ब्रोसनं घसा खाकरला. "फळणार की पडणार?"

"दोनदा विचारत नाहीत," किलिआन म्हणाला.

"पहिल्यांदा मी घसा साफ करत होतो."

"घसा साफ करताना शब्द नीट ऐकू आले आम्हाला."

आम्ब्रोसनं बुर्गीकडे बघितलं. बुर्गी छपराकडे बघत होती. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, लहानपणी काचेची बरणी फुटली की बघायचा तसं. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. पण मी एकदा नको तिथे हसले होते, आता नको तिथे बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मी बुटांकडे बघितलं.

त्यानं कुऱ्हाड खांद्यापर्यंत उचलली. आणि तिथेच धरून ठेवली.

"हात आखडला का?" किलिआननं विचारलं.

"धार बघतोय."

"काल माझ्याकडेच लावून नेलीस की."

"लाकूड ओलं आहे."

"ओलं असो नाहीतर कोरडं. याला काही दुखत नाही असं तूच सांगतोस ना त्या व्हिएन्नाच्या बायकांना?"

"तू गप रे!" आम्ब्रोस ओरडला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबरात.

तेव्हा बुर्गी भिंतीपासून हलली. झाडापाशी गेली आणि झाडालाच म्हणाली, "त्याला सांग, जमत नसेल तर कुऱ्हाड माझ्याकडे दे म्हणावं."

त्यानं दिली. मुकाट्यानं, दोन्ही हातांनी. बुर्गीनं पातं खोडाला टेकवलं आणि त्या रस्त्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात विचारलं, "फळणार की पडणार?"

आता घरातलं दुसरं माणूस एकच उरलं होतं, आणि त्याला आयुष्यात कधी ती बाजू बोलावी लागली नव्हती. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. फ्रीडा पुटपुटली, "अरे बोल ना, दगडा."

बुर्गीनं वाट पाहिली, कुऱ्हाड हातात फिरवली आणि मागच्या बोथट बाजूनं खोडावर एक ठोका दिला. ठक्.

"आई गं!" आम्ब्रोस किंचाळला.

किलिआननं सावकाश विचारलं, "लागलं कुणाला?"

अंगण हसलं. या खेपेला मी नाही हसले. म्हणजे, फार नाही.

आम्ब्रोस मात्र झाडाजवळ गेला होता आणि ठोका बसला तिथे अंगठ्यानं साल चाचपत होता. "राहू दे," तो म्हणाला. आवाज असा की आम्हाला पुढे सरकून ऐकावं लागलं. "पुढच्या वर्षी देईल."

बुर्गीनं कुऱ्हाड खाली घेतली नाही.

"चार वर्षं फुलोऱ्याला थंडी लागली. त्यात त्याचा काय दोष? कुणी विचारलंसुद्धा नाही." त्यानं सालीवर तळवा टेकवला. "आणि नाही दिलं तरी राहू दे."

"असं म्हणत नाहीत," किलिआन म्हणाला. फ्रीडानं त्याला कोपरानं ढोसलं.

"मी म्हणतोय," आम्ब्रोस म्हणाला. अजून सालीकडेच बघत. "आणि कोठारात जे बोललो ते याला लागलं असणार. अकरा माणसांत तसं बोलायला नको होतं."

"झाडाला ऐकू येतं?" बुर्गीनं विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्यालाच.

"याला येतं."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. याला येतं." मग नाक पुसून म्हणाला, "पुढच्या रसाला, त्याच अकरा जणांपुढे, बरं काहीतरी बोलेन."

बुर्गीनं जराशानं कुऱ्हाड बाकावर ठेवली, पाव कापला आणि टोकाचा कडक तुकडा, जो त्याला आवडतो, त्याच्या हातात दिला. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, "हेर्मा, तू काय पाहुणी आहेस? पेले भर." तेव्हा मलाही जरा बरं वाटलं.

जानेवारीत जिरेनियमनं मान टाकली. बुर्गी म्हणाली, आता त्याच्याशी कुणी बोलत नाही ना. आम्ब्रोस म्हणाला, पाणी जास्त झालं. चौकशी केली तेव्हा कळलं, दोघंही त्याला गुपचूप पाणी घालत होती, उपकार फेडायला. मी ते माझ्या घरी आणलं. सकाळी कॉफी पिताना त्याला भावाबद्दल दोन शब्द सांगते. आता बरं आहे.

एप्रिलमध्ये गोठवणारी रात्र आली नाही. झाड लगडलं. आम्ब्रोस आता वर्गात सांगतो की सालीला मार बसला की रस वरच अडतो आणि झाड फळाला लागतं, त्यात विशेष काही नाही. पण "कान नाहीत" हे वाक्य म्हणायच्या आधी तो सगळ्यांना घेऊन गोठ्याच्या पलीकडच्या बागेत जातो. मी नीट बघितलंय.

ऑक्टोबरात कोठारात रसाला जमलो. दुसरा पेला झाल्यावर आम्ब्रोस उठून उभा राहिला. "झाड," तो म्हणाला, "अगदी माझ्या बायकोसारखं आहे."

आमचे घास तोंडातच राहिले. बुर्गीची सुरी पावात अर्ध्यावर थांबली.

"स्वतः काय काय दिलं," तो पेल्यात बघत म्हणाला, "ते कधी बोलून दाखवत नाही." आणि मटकन खाली बसला, कानांच्या पाळ्या लाल.

बुर्गीनं पावाचा काप पुरा केला, टोकाचा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला आणि आमच्यावरून नजर फिरवत माणसं मोजली.

"दहाच आहेत," ती म्हणाली. "फ्रीडा मुलीकडे गेलीय. पुढच्या वर्षी परत सांग."