निळी चिठ्ठी

मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे, मित्रांनो. अनातोलियाच्या पठारावरच्या एका लहान गावात, शाळेच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या संगतीत माझे दिवस चालले आहेत. माझ्यात आता चिठ्ठ्या पडत नाहीत, उंदीर मात्र सुखाने नांदतात.

गावच्या सुताराने मला १९५० सालच्या निवडणुकीसाठी घडवले. आधीच्या खेपेला मत सगळ्यांच्या देखत आणि मोजणी बंद दाराआड, असा उफराटा कारभार झाला होता. या वेळी मत गुप्त आणि मोजणी चारचौघांत. संध्याकाळी सारा गाव वर्गात दाटला होता. मतपत्रिकेने सरकार बदलता येते, हे तुर्कस्तानने त्या दिवशी पाहिले. म्हातारी माणसे मला हात लावून तो कपाळाला टेकवत होती. मी अगदी हरखून गेले.

ते कौतुक दहा वर्षे पुरले. मग फौजेने सत्ता घेतली आणि लोकांनी निवडलेल्या पंतप्रधानाला पुढे फासावर चढवले. काही काळाने मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवले. पुढे फौजेच्या धाकाने आणखी एक सरकार गेले, पुन्हा निवडणूक आली. माणसांच्या या खेळाला मी सरावले होते. पण साफियेबाईचे दुःख मला अजून पचलेले नाही.

साफिये गालिचे विणून पोट भरणारी विधवा. एकुलता एक मुलगा, इल्हान. तो पहिले मत द्यायला आला तेव्हा तीही पडद्याआड घुसू लागली.

“अगं आई, इथं एकट्यानंच जायचं असतं!”

“तुझी दुपटी धुतलीत मी. माझ्यापासून कसलं रे गुपित?”

सगळा वर्ग हसला. मलाही पोरगा आवडला.

१९८० मध्ये रणगाडे पुन्हा रस्त्यावर आले. आपल्या देशात परक्यांचे लष्करी तळ नकोत, अशी पत्रके इल्हानने वाटली होती. त्याला तुरुंगात नेले. दोन वर्षांनी फौजेने नवी राज्यघटना मताला टाकली. मान्य असेल तर पांढरी चिठ्ठी, नको असेल तर निळी. चिठ्ठी घालायचे पाकीट इतके पातळ की आतला निळा रंग बाहेरून दिसे आणि दारात शिपाई बंदूक घेऊन उभा. मत न देणाऱ्यालाही शिक्षा होतीच.

टेबलामागे रेम्झी मास्तर बसले होते. इल्हानला त्यांनीच अक्षर शिकवले होते. साफियेला पाकीट देताना ते थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे हळूच म्हणाले, “आब्ला, निळं बाहेरून दिसतं. पोरगं त्यांच्या ताब्यात आहे, विसरू नका.”

“त्यानंच सांगितलंय, मास्तर. मला मत नाही, माझ्या वाटचं तू निळं टाक म्हणाला.”

“पोरं सांगतात हो. आयांनी शहाणपणानं वागायचं असतं.”

ती पडद्याआड बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या पाकिटात कुठेही निळे दिसत नव्हते. ते माझ्यात सोडताना ती वाकून पुटपुटली, “माफ कर रे बाळा.” माझ्या पोटात तिची पांढरी चिठ्ठी पडली. मला फार वाईट वाटले.

त्या हिवाळ्यात इल्हान तुरुंगातच वारला. आजाराने, असे कळवले. शवपेटी उघडू दिली नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. साफिये मास्तरांसमोर उभी राहिली. झुरून झुरून अर्धी झाली होती.

“भेटीत त्यानं विचारलं होतं, निळंच टाकलंस ना? मी हो म्हणाले. काय खूश झाला होता, मास्तर! माझ्या खोट्यावर खूश होऊन गेला माझा इल्हान.”

मास्तरांनी तिच्यापुढे पाकीट सरकवले. तिने ते घेतले आणि पडद्याआड न जाता तसेच रिकामे माझ्यात टाकले.

संध्याकाळी मोजणीत ते मास्तरांच्याच हाती आले. त्यांनी उघडून पाहिले, पुन्हा पाहिले.

“काय निघालं?” मागून कुणीतरी विचारले.

“काही नाही,” मास्तर म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडू लागले.

मित्रांनो, आता मला रंग दिला नाहीत, उद्या चुलीत घातलेत, तरी माझी तक्रार नाही. पण मतपेटीसमोर उभ्या राहिलेल्या कुठल्याही आईला पोराचा जीव आणि पोराचा शब्द यांतले एकच निवडायला लावू नका. साफियेच्या हाती शेवटी दोन्ही उरले नाहीत.