अंगुस्तियासचा आकडा

"ही नको. हिचा आवाज मधासारखा आहे. मध घशाला चिकटतो," अंगुस्तियास म्हणाली.

निकासिओ मास्तरांनी मांडीवरची शिसवी पाठीची देखणी गिटार मुकाट्यानं भिंतीवर टांगली. ग्रानादा शहरातल्या त्या चढावर त्यांच्या वडिलांपासून गिटारी बनत होत्या. गिऱ्हाइकाचं मत लाकडातल्या गाठीसारखं असतं, त्याच्या कडेकडेनं काम करायचं असतं, हे ते कधीच शिकले होते.

खरं म्हणजे गिऱ्हाईक होता एलादिओ. आठवडाभर तो पाणीपट्टीच्या कचेरीत बिलं दुरुस्त करायचा आणि शनिवारी संध्याकाळी फ्लामेंको क्लबात अंगुस्तियासच्या गाण्याला साथ करायचा. क्लबाच्या भिंतीवरच्या फोटोंत ती होती. त्याचाही डावा खांदा बऱ्याच फोटोंत आला होता. आज त्याला एकट्यानंच यायचं होतं, पण ती बाजारात भेटली. "गिटार घ्यायला एकटा? पँट तरी कधी एकट्यानं घेतलीस का?" असं म्हणून ती निघालीच. उभा जन्म मासळीच्या गाळ्यावर गेलेल्या बाईला नाही म्हणायची पद्धत त्या शहरात नव्हती.

एकटं यायचं कारण असं. गिटारीच्या मानेवर तारा दाबून धरणारा लाकडी चिमटा असतो. जितक्या वरच्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, लावावा, तितका सूर चढा. गायला बसलं की गाणाऱ्यानं सगळ्यांदेखत पडद्याचा आकडा सांगायचा. अंगुस्तियासचा आकडा चार. "चारवर!" ती म्हणायची आणि क्लब खुर्च्या पुढे ओढायचा. आवाज मात्र वयानुसार खाली आला होता. हे तिला सांगण्यापेक्षा घरीच तारा सैल करून यायच्या, असा मार्ग एलादिओनं काढला. चिमटा चारवर, सूर दोनचा. पण सैल तारा पडद्यांवर खडखडतात. एलादिओची बोटं गेली, असं लोक म्हणू लागले. त्याला आता सैल तारा सोसणारी गिटार हवी होती, आणि हे तिच्यासमोर बोलता येत नव्हतं.

"ही बघा," मास्तर म्हणाले. "सरूचं लाकूड. कोरडी बोलते. बोलून झालं की गप्प बसते."

"असा माणूस मला मिळाला नाही," अंगुस्तियास म्हणाली. "वाजवा मास्तर, मी एक ओळ म्हणून बघते. चारवर लावा."

एलादिओ उठलाच. "कशाला उगाच घसा... बाहेर गार आहे."

"मे महिना आहे, एलादिओ."

"मग मी वाजवतो."

"तू समोर बसून ऐक. वाजवणाऱ्याला स्वतःची गिटार ऐकू येत नाही, हे तूच सांगत फिरतोस ना?"

मास्तरांनी चिमटा चारवर लावला. तारा सरळ, चोख सुरात होत्या. अंगुस्तियासनं डोळे मिटून पहिली हाक दिली. हाक चढली, आणखी चढली, आणि फुटली. लोक ज्यासाठी डोळे पुसतात तसं ते फुटणं नव्हतं. बशी फुटावी तशी फुटली. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच.

"लाकूड ओलं असेल," एलादिओ घाईनं म्हणाला.

"ओलं?" मास्तरांचा चेहरा लाल झाला. "माझ्या लग्नाआधीपासून वाळतंय ते!"

"भांडू नका." अंगुस्तियास खाली बसली. तिनं विचारलं, "एलादिओ, तारा किती उतरवतोस?"

एलादिओ जमिनीवरच्या भुशाकडे बघत राहिला. "दोन पडदे."

"दोन?"

"दोन."

"मला एकच वाटत होता," ती म्हणाली.

मास्तरांना एकाएकी रंधा पुसायची आठवण झाली.

"आणि ती खडखड? लोक म्हणतात, तुझी बोटं गेली."

"म्हणू देत."

"मीसुद्धा म्हणत होते, गाढवा."

एलादिओनं मास्तरांनी बाजूला ठेवलेली गिटार उचलली. खुंट्यांना हात लावला नाही. चिमटा दोनवर आणला आणि अंगठा तारांवरून ओढला. तारा ताठ होत्या. आवाज सुक्या लाकडाच्या ढलपीसारखा ताडकन उडाला आणि मागं काही न ठेवता थांबला. आपली बोटं शाबूत आहेत, हे बऱ्याच वर्षांनी त्याच्या कानावर आलं. अंगुस्तियास हळू आवाजात गायली. दुकानाबाहेर ऐकू जाणार नाही इतपतच.

"हीच घे," शेवटी ती म्हणाली.

शनिवारी क्लब भरला होता. एलादिओ नवी गिटार घेऊन बसला. जुन्या सवयीनं त्याच्या हातानं चिमटा आधीच चारवर लावून ठेवला होता. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"दोनवर!" अंगुस्तियास म्हणाली. बढती मिळाल्यासारखी, खणखणीत.

पेले पुसणाऱ्याचा हात थांबला. मागं कुणीतरी खोकलं. एलादिओनं चिमटा सैल केला, दोन पडदे खाली आणला, आणि गरज नसताना एकेक तार छेडून पाहिली. तोवर ती मान ताठ ठेवून बसून राहिली, आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं, नीट बघत गेली.