मणियार गल्लीची हद्द

अख्तरबानोच्या लग्नाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तळोद्याच्या मणियार गल्लीत तिच्या सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि समोरच्या ओळीत पाटलांचं घर. त्या घरची सून बेबीबाई तिच्याच वयाची. बाहेर पडायचं तर दोघींनाही आधी सासूला विचारावं लागे, मग नवऱ्याला, आणि एवढं करूनही बहुतेक वेळा ‘नाही’च ऐकावं लागे. पण नगरपालिकेचं मतदान आलं आणि दोन्ही घरांतून एकच हुकूम निघाला, जा, मत देऊन या.

शाळेत मत द्यायला दहा मिनिटं लागली. घरी यायला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात दोघी बाजारात फिरल्या, गावाबाहेर सातपुड्याच्या बाजूला चालत गेल्या, एका शेताच्या बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. रांग मोठी होती, असं दोघींनी आपापल्या घरी सांगितलं.

पुढे तीस-पस्तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला रांग मोठीच असायची. मुलं झाली, सुना आल्या, सासवा गेल्या. विचारायला कुणी उरलं नाही तरी मतदानाचा दिवस दोघींचाच राहिला. कुणाला मत दिलं हे त्यांनी एकमेकींना कधी विचारलं नाही.

बेबीबाईचे यजमान गेले तेव्हा मुलगा भूपेंद्र आईला सुरतला घेऊन गेला. शेत निम्म्या वाट्याने कसायला दिलं, घराला कुलूप लागलं. नाव मात्र बेबीबाईने तळोद्याच्या यादीतून काढू दिलं नाही. लोकसभेला ती आली, विधानसभेलाही आली. नगरपालिकेची निवडणूक तेवढी काही केल्या लागत नव्हती. मुदत संपून वर्षं झाली, प्रशासक आला, तो बदलून दुसरा आला. अख्तरबानो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, निवडणूक कधी? लोकांना वाटायचं, म्हातारीच्या मनात उभं राहायचं दिसतंय.

एकदाची निवडणुकीची हालचाल सुरू झाली आणि पालिकेच्या फलकावर नव्या प्रभागांचा नकाशा लागला. नात अंजुम कॉलेजातून येताना त्याचा फोटो काढून घेऊन आली. तिने बोट ठेवून दाखवलं. जाड रेघ मणियार गल्लीच्या बरोबर मधून गेली होती. दुकानाची ओळ चार नंबरात, समोरची पाच नंबरात. मतदानाची शाळाही वेगळी, पाच नंबरवाल्यांना नाल्यापलीकडे जावं लागणार.

अख्तरबानोने तो फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान करून पाहिला. मग अंजुमला म्हणाली, यावर तक्रार करता येते का? हरकत घेता येते, अंजुम म्हणाली, पण कारण काय लिहायचं? खरं कारण कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. तेव्हा आजी-नातीने मिळून लिहिलं, की गल्लीची गटार एक, नळाची लाईन एक, सबब गल्लीचे दोन भाग करू नयेत.

सुनावणीची तारीख नंदुरबारला निघाली. अख्तरबानो अंजुमला घेऊन एसटीने गेली. कलेक्टर कचेरीच्या सभागृहात निम्म्याहून जास्त गर्दी इच्छुक उमेदवारांची होती. जो तो आपली हक्काची मतं पलीकडे गेली म्हणून भांडत होता. अख्तरबानोचं नाव पुकारलं तेव्हा दुपार टळून गेली होती.

अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि शांतपणे समजावलं, की हद्द रस्त्यावरूनच न्यावी लागते, लोकसंख्या सारखी बसवावी लागते, आणि गटार कुणाच्याही प्रभागात गेली तरी साफ पालिकाच करणार.

"अजून काही सांगायचंय, आजी?"

अख्तरबानो नाही म्हणून वळली. दोन पावलं गेली आणि परत आली.

"आम्ही दोघी मतदानाला सोबत जातो," ती म्हणाली. "ती सुरतहून त्याच्यासाठीच येते."

मागे दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बेबीबाईचं नाव विचारलं, कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. महिन्याभराने अंतिम नकाशा लागला. रेघ होती तिथेच होती.

त्या शुक्रवारी अख्तरबानोने सुरतला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बेबीबाईने शाळा कोणती ते दोनदा विचारून घेतलं.

"मंग मी येऊ का नको?" तिने शेवटी विचारलं.

ये, हा एवढासा शब्द. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला इतक्या लांबून आता कशासाठी बोलवायचं?

"तुन्हा मनवर शे," अख्तरबानो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

मतदानाच्या दिवशी तिने सकाळीच जाऊन मत दिलं. रांगेत पुढे-मागे ओळखीच्या बाया होत्या, तरी ती कुणापाशी थांबली नाही. घरी येऊन दुकानात बसली, उगाच बांगड्यांचे डबे उतरवून पुसत राहिली. अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि भूपेंद्रचा हात धरून बेबीबाई उतरली. आणखी वाळली होती.

भूपेंद्र घाईत होता. संध्याकाळी त्याला सुरतेत काम होतं. तासाभरात निघायचं, असं तो दोनदा म्हणाला. आईचं नाव सुरतच्या यादीत घालायचा अर्ज भरून ठेवलाय, एवढं मत झालं की देतो, हेही त्याने सांगून टाकलं. मग दोघींना नाल्यापलीकडच्या शाळेपाशी सोडून तो निम्मेकऱ्याला भेटायला गेला.

फाटकावरच्या पोलिसाने अख्तरबानोचं शाईचं बोट पाहिलं आणि तुम्ही बाहेर थांबा म्हणाला. बेबीबाई एकटीच आत गेली. रांग पटांगणाला वळसा घालून पार हापशापर्यंत पोचली होती आणि हलत नव्हती. अख्तरबानो भिंतीच्या सावलीत उभी राहून तिची पाठमोरी साडी बघत होती. तासातली वीस मिनिटं तशीच गेली.

मग बेबीबाई रांगेतून बाहेर पडली आणि सरळ फाटकाकडे आली.

"काय व्हयनं?" अख्तरबानोने विचारलं.

"काही नही. चाल, घर उघडूत."

"अन मत?"

"मी मतसाठे कव्हय येत व्हतू?"

दोघी हळूहळू चालत गल्लीत आल्या. कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. आत धुळीचा वास होता. बेबीबाईने पदराने खाट झटकली आणि दोघी बसल्या. बेबीबाई सुरतचं सांगत राहिली. रंजिता, तिची सून, चांगली आहे, पण घरात दिवसभर टीव्ही चालतो. सुरतेत बाराव्या मजल्यावरून माणसं मुंगीएवढी दिसतात. अख्तरबानोने तिच्या मनगटातल्या रंग उतरलेल्या बांगड्या काढल्या, दुकानातून आणलेल्या नव्या चढवल्या. हात इतका बारीक झाला होता की दाबावाच लागला नाही. तरी ती तो बराच वेळ धरून बसली.

भूपेंद्र आला आणि आईचं कोरं बोट त्याला दिसलं. बेबीबाईने सरळ सांगितलं, मत नही दिधं. त्याने एकदा अख्तरबानोकडे पाहिलं. खाली वाकून तिच्या पाया पडला आणि गाडी काढली.

निकाल लागला. गल्लीच्या दोन बाजूंना दोन वेगळे नगरसेवक झाले आणि दोघांच्याही मिरवणुका एकाच दिवशी त्याच गल्लीतून गेल्या. पुढे बेबीबाईचं नाव सुरतच्या यादीत लागलं. तिथेही महापालिकेचं मतदान जवळ आलंय, असं तिने फोनवर सांगितलं.

"तुन्हा संगे कोन जाई?" अख्तरबानोने विचारलं.

"कोन जाई? भूपा गाडीवर सोडी दी."

मग अख्तरबानोने विचारलं, तिथल्या शाळेच्या फाटकाबाहेर बसायला जागा आहे का.

"देखीसन सांगसू," बेबीबाई म्हणाली.