उतरताना सात किलो

आई रोज एक किलो हलकी होते. सकाळी, चहाच्या आधी.

हिमालयातल्या थाजंगच्या धावपट्टीला चढ आहे. विमानं तिथे चढावर उतरतात आणि उतारावरून उडतात. पट्टीच्या डाव्या अंगाला लोक दिवसभर स्की करत असतात.

सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ सहाशे ग्रॅम भरतो.

माझं वजन एकसष्ट किलो आहे.

कानशिलावर बोटं मोडली की कडकड आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर दृष्ट निघत नाही.

माझा भाऊ अकरा वर्षांत खाली घरी आलेला नाही.

*

दिवाळीच्या पाडव्याला आई चोपन्न किलो होती. आकार तिचा तोच राहिला. साडी तेवढीच लागायची, बांगड्या त्याच बसायच्या. फक्त ती खुर्चीतून उठली की खुर्ची कुरकुरत नसे, आणि पायऱ्यांवर तिचा आवाज येईनासा झाला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. पंखा मात्र लावू नका."

झोपताना मी तिचा पदर पलंगाच्या पायाला बांधायचे. सकाळी ती पदराच्या लांबीइतकी वर असायची, कुशीवर वळलेली.

रोज उठल्यावर ती माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवायची आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. पहिल्यांदा दहाच्या दहा वाजायची. डिसेंबर लागला तेव्हा चार वाजली.

"आता दिगूकडे जायला पाहिजे," आई म्हणाली. "चारात भागेल. त्याखाली गेलं की नुसतंच हात फिरवल्यासारखं."

दादा थाजंगला लोकांना स्की शिकवतो. मी त्याला फोन केला.

"तूच ये ना रे खाली."

"सुनेत्रा, मला येता येत नाही. खाली आलो की घोट्यापर्यंत जमिनीत जातो. मागच्या वेळी चंदीगडला गुडघ्यापर्यंत गेलो होतो. तिघांनी ओढून काढलं."

"बाबांच्या वेळी तरी—"

"बाबांच्या वेळी कमरेपर्यंत गेलो होतो. तू काय समजलीस?"

मला हे माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "किती उरली आहे?"

"अकरा."

"लवकर आण."

रेल्वे, मग बस, मग जीप, असे सहा दिवस लागले असते. सहा दिवस म्हणजे सहा किलो. तिकिटं मिळेपर्यंत आणखी तीन. दोन किलोची आई दादाला नुसती दिसली असती. म्हणून मंगळवारी मी कोल्हापूर विमानतळाबाहेरच्या उंचझेप चार्टरच्या ऑफिसात गेले. त्या सकाळी आई आठ किलो होती. मी तिला बोट धरून नेलं. रस्त्यात दोनदा तिची चप्पल गळून पडली.

*

ऑफिसात भोईटे नावाचे गृहस्थ होते. समोरच्या सोफ्यावर एक नवं जोडपं बसलेलं. तेही थाजंगलाच निघालं होतं, स्कीला, शुक्रवारी. मुलीच्या हातावर मेंदी होती.

"वर हवा पातळ असते, ताई," भोईटे म्हणाले. "पातळ हवेला जास्तीचं धरवत नाही. म्हणून सामान न्यायचं नाही, आणि माणसाचं वजन तेवढं खरं लिहायचं. बायका इथंच घोळ घालतात."

"आणि पुरुष?"

"पुरुष सामानात घालतात. गेल्या महिन्यात एका साहेबांनी छातीला सहा बाटल्या बांधून आणल्या होत्या. विमान वर गेल्यावर कळलं."

"काटा नाही का तुमच्याकडे?"

"होता की. सगळे रागावायला लागले, म्हणून काढला. आता तुमच्या शब्दावर विमान उडतं."

सोफ्यावरची मुलगी कुणीही न विचारता म्हणाली, "माझं अठ्ठेचाळीस!" तिचा नवरा कौतुकानं आमच्याकडे पाहत राहिला.

भोईट्यांनी आईकडे पाहिलं. ती टेबलाची कड धरून उभी होती.

"आज्जींचं किती?"

"आज आठ. उद्या सात."

"मग उतरतानाचंच लिहूया. सात." त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

प्रवासी एक: इंदुमती दत्ताराम सबनीस. वजन: उतरताना सात.

प्रवासी दोन: सुनेत्रा विलास चाफेकर. वजन:

मी पेन घेतलं, फॉर्म पूर्ण केला. भोईट्यांनी वाचला आणि शिक्का मारला. "वा," ते म्हणाले, "एकदम हिशोबात बसलं."

*

बुधवारी सकाळी निघताना शेजारच्या आजगावकर मावशी ओटी घेऊन आल्या. माहेरून निघालेल्या बाईला रिकाम्या ओटीनं जाऊ देणं त्यांच्यानं होत नाही. त्यांनी माझ्या पदरात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. मग त्या आईकडे वळल्या आणि थांबल्या. बाबा गेल्यापासून आईची ओटी कुणी भरलेली नाही. आईनं स्वतःच हात मागे घेतले.

"या हं इंदूताई," मावशी म्हणाल्या. "स्वेटर घेतलात ना?"

"घेतला. पण घातला की वरच येतो."

मी सामान न्यायचं नाही हे सांगणार होते, पण भरलेली ओटी परत कशी करणार? गाडीत बसल्यावर आई खिडकीच्या काचेला जाऊन टेकली, तेव्हा मी नारळ काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"माझ्या ओटीत नको गं."

"ओटी नाही. वजनाला आहे."

आईनं नारळाकडे पाहिलं. "वजनाला असेल तर चालेल," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरला. ती सावकाश सीटवर उतरली. विमानतळ येईपर्यंत तिनं त्याची शेंडी तीन वेळा नीट केली.

*

विमान आठ आसनांचं होतं. कॅप्टन रेगे नावाच्या बाई चालवत होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "हे विमान वर जाईल तसं आतून आखूड होत जातं. घाबरायचं नाही. हवेचा दाब असतो."

नाशिकच्या वर आलो तेव्हा मागच्या दोन खुर्च्या गेल्या होत्या. त्या मोडल्या नाहीत. मागची भिंत तेवढी पुढे आली होती. भोपाळला चारच उरल्या. आईनं डबा उघडून पाहिला. भडंग, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या. सगळं दिगूसाठी.

"एक वडी घेऊ का?" मी विचारलं.

"मोजून आणल्यात."

दिल्लीच्या पुढे आमच्या दोनच खुर्च्या राहिल्या आणि माझे गुडघे कॅप्टनच्या पाठीला लागले.

"सॉरी," मी म्हणाले.

"असू दे. लागतातच."

मग डोंगर आले. बर्फ इतकं पांढरं होतं की विमानाच्या आतली सावली निळी झाली. छत खाली आलं होतं. मला मान वाकवून बसावं लागत होतं. आई मात्र ऐसपैस होती. खालून नारळानं आणि वरून छतानं तिला बरोबर जागी धरलं होतं. खाली थाजंग दिसलं. लाल छपरं, एक तारेवरचा पाळणा, चढ असलेली पट्टी. डाव्या अंगाला मुंग्यांसारखी माणसं घसरत होती. त्यांतला एक घसरत नव्हता. पट्टीच्या कडेला पिवळं जाकीट घालून तो एकटा उभा होता.

"दिगू," आई म्हणाली. तिनं बोटं ताणून मोकळी केली.

विमान खाली जाऊ लागलं आणि थांबलं. म्हणजे पुढे जात राहिलं, पण त्याखाली जाईना.

"नऊ किलो जास्त आहेत," कॅप्टन रेगे म्हणाल्या.

"जास्त असेल तर खालीच जायला हवं ना?"

"इथं उलटं आहे. पातळ हवा जास्तीच्या माणसांना खाली घेत नाही. तीन फेऱ्यांचं इंधन आहे. मग परत."

"उद्या येऊ."

"उद्यापासून आठ दिवस पट्टी बंद. वारा आहे."

आठ दिवसांचं गणित मी केलं नाही. आईनं केलं. तिनं माझ्याकडे पाहून सात बोटं दाखवली, मग एकेक मिटत मूठ केली.

"दार उघडतं?" मी विचारलं.

"उघडतं. सावकाश उघडा."

पहिल्या फेरीत मी ओटीचे तांदूळ टाकले. ते बर्फाच्या रंगाचेच होते, लगेच दिसेनासे झाले. खण टाकला. कॅप्टननी त्यांचे बूट काढून मागे दिले, मी ते टाकले. माझे टाकले. आईचा स्वेटर वरच्या वर गेला.

"साडेआठ," कॅप्टन म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत आईनं डबा दिला. आधी तिनं तो पुन्हा उघडला, एक वडी काढून माझ्या तोंडात घातली आणि मग दिला.

"सात पूर्णांक सहा."

"नारळ," आई म्हणाली.

"नारळ नको. तू वर जाशील."

"वर छत आहे."

तिनं नारळ स्वतः टाकला. तो सरळ गेला आणि पिवळ्या जाकिटापासून हातभर अंतरावर बर्फात शिरला. तिथे एक काळं भोक राहिलं. दादानं आधी त्या भोकाकडे पाहिलं, मग वर.

"सात," कॅप्टन रेगे म्हणाल्या. "नेमके सात. ही शेवटची फेरी."

टाकायला काही उरलं नव्हतं. मी चारी बाजूंना हात लावून पाहिले. आता विमान एवढं लहान झालं होतं की हात लांब न करता चारी बाजू लागत होत्या.

आई छताला टेकलेली होती. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी वर होता, उलटा.

"सात म्हणजे मीच की," ती म्हणाली.

"तुझे सात फॉर्मवर धरलेत, आई. भोईट्यांनी स्वतः लिहिलेत."

"त्या माणसाचं काही खरं नाही. छातीला बाटल्या बांधलेलासुद्धा त्याला दिसला नव्हता."

मी तोंड उघडलं.

"तू काय बोलणार," आई म्हणाली. "तुझं बरोबरच आहे." तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. एक वाजलं. "बाकीची त्याला ठेवते."

मग ती छताला धरत धरत दारापर्यंत गेली, माणसं कठडा धरून जिना उतरतात तशी, आणि बाहेर पडली. मी पदर पकडला. ती पडली नाही. विमानाच्या बाजूनं तरंगत राहिली, आणि साडी एकेक निरी सोडत लांबत गेली. साडीच्या आत पोलकं आणि परकर होता, त्यावर बाबांचा जुना कोट. तो तिनं कधी घातला मला माहीत नाही.

"पट्टी दिसतेय," कॅप्टन म्हणाल्या. "दार लावा."

"आई बाहेर आहे."

"हो. विमान आता बरोबर आहे. दार लावा."

दार लावायला दोन्ही हात लागतात. मी पदर सोडला.

आम्ही चढावर उतरलो. चाकं टेकली तसं विमान पुन्हा लांब झालं. आठही खुर्च्या परत आल्या, आणि त्यांतली माझी सर्वांत मागे गेली. तिथल्या खिडकीतून मला दिसत होतं. दादानं स्की काढून फेकल्या होत्या. तो टाचा उचलून, दोन्ही हात वर करून उभा होता. आई त्याच्या वर होती. ती खालीही येत नव्हती, वरही जात नव्हती. तिनं हात खाली सोडले होते आणि बोटं त्याच्या चेहऱ्यासाठी वाकवलेली होती. दोघांच्या हातांमध्ये एका नारळाएवढी जागा होती. वारा सुटायला लागला होता.

मी काचेला कान लावला.

मंगळवारी, भोईट्यांच्या ऑफिसात, माझ्या नावापुढे मी चोपन्न लिहिलं होतं. लग्नात मी तेवढी होते.