परीक्षेत न पेटलेला टेस्टर

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. पुढे लोखंडी पातं, मागे पारदर्शक मूठ आणि मुठीच्या पोटात वाटाण्याहून लहान दिवा, एवढाच माझा संसार. तारेत करंट असला की तो दिवा लाल पेटायचा. पेटायचा म्हणतो, कारण आता पेटत नाही. त्याचीच ही गोष्ट.

फौजेच्या भांडारातून मी एका जवानाच्या हाती आलो, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. विजेचं काम शिकवणाऱ्या उस्तादांची दोन बोटं करंटने नेली होती. उरलेल्या बोटांत मला धरून ते म्हणाले, "तार बंद आहे का बघण्याआधी टेस्टर चालू आहे का ते बघायचं. आधी चालू तारेला लाव, मग बंद तारेला, मग परत चालू तारेला. कंटाळा आला तर माझा हात आठव."

त्याला कधीच कंटाळा आला नाही. बर्फातल्या चौकीवर, दवाखान्याच्या तंबूत, जनरेटरच्या खोलीत त्याने मला तीन-तीनदा लावलं. थंडीत तो मला खिशात उबेला ठेवायचा. काय दिवस होते ते! मला त्यांची फार आठवण येते.

फौजेतून सुटल्यावर त्याने गावाकडच्या राज्यात वायरमनचं लायसन्स काढलं. मग त्याच्या बायकोची बदली दुसऱ्या राज्यात झाली. ती नर्स. तो म्हणाला, "इतकी वर्षं तू माझ्या बदल्यांमागे फिरलीस. आता माझी पाळी."

नव्या राज्यातल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिले. "तिकडचं लायसन्स इकडे चालत नाही. फौजेत काय काय कामं केली, ते सविस्तर लिहून आणा."

आमच्या जवानाने लिहिलं, 'आदेशानुसार सर्व कामे केली.' अर्ज अर्थातच परत आला. लायसन्स मिळेपर्यंत त्याला स्वतःच्या नावावर काम घेता येईना. दोन वर्षं तो निम्म्या वयाच्या ठेकेदाराची शिडी धरून उभा राहिला. मी खिशात निजून असायचो. त्याचा चेहरा मला बघवत नसे.

शेवटी बायकोने त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "तंबूत दिवे कोणी लावले?"

"आम्ही."

"अहो, तिथे वायरमन किती होते?"

"मी एकटाच."

"मग तसं लिहा ना."

त्याने तसं लिहिलं. फौजेतल्या जुन्या साहेबांनीही त्याच्या कामाची खात्री देणारं पत्र पाठवलं. अर्ज मंजूर झाला आणि हातकामाची परीक्षा लागली. दोन तासांत एका बोर्डातला बिघाड काढून चार दिवे लावायचे होते.

सवयीप्रमाणे त्याने मला आधी भिंतीवरच्या चालू सॉकेटला लावलं. मित्रांनो, मी पेटलो नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता, करंट होता, पण माझ्यातच काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, नेमका त्याच दिवशी मी दगा दिला.

त्याने हात वर केला. "साहेब, माझा टेस्टर गेलाय. दुसरा मिळेल का?"

मागून कोणी तरी हसलं. भांडाराची किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. नवा टेस्टर आला, चालू सॉकेटला पेटला. मग त्याने तो आपल्या बोर्डाच्या तारेला लावला. बटण बंद असूनही तो लाल पेटला. बिघाड मुद्दामच तसा ठेवलेला होता. माझ्यावर विसंबून त्याने तिथे बोट घातलं असतं तर? या विचाराने मी आजही शहारतो.

वेळ संपली तेव्हा तीनच दिवे लागले होते.

"एक राहिला," परीक्षक म्हणाले.

"हो, साहेब."

परीक्षकांनी मला उचलून न्याहाळलं, परत त्याच्या हातात दिलं. "राहिलेला दिवा उद्याही लावता येईल," असं म्हणून त्यांनी सही केली.

आता लायसन्स भिंतीवर आहे आणि मी हत्यारांच्या पेटीत, वरच्याच कप्प्यात. रोज सकाळी तो मला हलकेच बाजूला सारतो, नवा टेस्टर उचलतो आणि दाराजवळच्या सॉकेटला लावून बघतो. मला हेवा वाटत नाही, खोटं कशाला बोलू, थोडा वाटतो.

मित्रांनो, तुम्ही बोर्डाला हात लावू नका. पण घरात कोणी माझ्या भाऊबंदाला हाती घेतलं, तर एवढं जरूर सांगा, की आधी चालू जागी लावून बघा. आमचा दिवा लागला नाही म्हणजे तारेत करंट नाही, असं धरून चालू नका. कधी कधी आम्हीच गेलेलो असतो.