गोजरबाईचा वरवंटा

मी एक जुना उकिरडा आहे, मित्रांनो. नाक दाबू नका. आता वास येत नाही, आणि येत होता तो तुमच्याच घरचा होता.

आळे गावच्या माळावर आधी मी मुरमाची खाण होतो. गेणू नावाचा गडी इथं मुरूम खणायचा. गोजरबाई ही त्याची बायको. १९९२ साली त्यांचं पहिलं पोर अकराव्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यावरून फिरवतात, तो गोजरबाईनं धुऊन ठेवलेला. बिननावाचं ते पोर माझ्या कडेच्या घट्ट जमिनीत पुरलं आणि उशाशी तोच वरवंटा रोवला.

मग बाजारगावाच्या ट्रॉल्या आल्या. प्लास्टिक, सडके टोमॅटो, फुटक्या बाटल्या. दहा वर्षं माझं पोट भरलं, मग वर माती लोटली आणि सगळे विसरले. गोजरबाई तेवढी यायची. वरवंट्यावर तांब्याभर पाणी घालायची, जायची.

२००९च्या उन्हाळ्यात पारस आला. बाजारगावातल्या कापडदुकानदाराचा इंजिनियर मुलगा. म्हणाला, "इथं पीक येत नाही, घर बांधता येत नाही. सोलर पॅनेल बसवू, वीज काढू." मित्रांनो, मी हरखलो. जन्मात पहिल्यांदा मला कुणी कामाचा म्हणालं.

पण आतला कचरा कुजतो तशी जमीन खचते. किती खचते हे मोजल्याशिवाय पॅनेल उभी राहत नाहीत आणि मोजायला एक न हलणारी खूण लागते. पारसची नजर वरवंट्यावर गेली.

"कुंडलिकभाऊ, हा दगड कुणाचा?"

मोजपट्टी धरणारा कुंडलिक म्हणाला, "कुनाचा आसंल राव? उकिरड्यावर कुनी दागिनं ठिवतं व्हय?"

दोघं हसले. पारसनं वरवंट्याच्या डोक्यावर तांबडा रंग फासला, मापं घेतली आणि पावसाळ्यानंतर यायचं ठरवून गेला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तो रंग पाहिला. रस्ता रुंद करताना तिच्या भावाच्या भिंतीवर असाच तांबडा रंग मारला होता. महिन्याभरात तिथं बुलडोझर आला. तिनं दोन्ही हातांनी वरवंटा उपसला आणि वर बांधावर नेऊन रोवला.

"मशीन यिऊन जाऊंदे, मंग आनते माघारी," ती पुटपुटली. "आईला जागा इसरंल व्हय?"

चार महिने पाऊस झोडपत राहिला. वरवंट्याचा जुना खड्डा बुजला. त्यावर टाकळ्याचं तण माजलं.

दसऱ्यानंतर पारसनं त्याच तांबड्या खुणेवरून पुन्हा मापं घेतली आणि तो चक्रावला. सगळी जमीन दोन हात खाली गेलेली दिसत होती. तेवढ्यात गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं बांधावरच्या वरवंट्यावर पाणी घातलं.

"मावशी, हा दगड तुम्ही हलवला?"

"व्हय. माजा हाय त्यो."

"सगळ्या कामाची वाट लावलीत तुम्ही!"

"तुमचं काम आसंल. माजं पोर हाय त्याच्या खाली."

पारसच्या हातातली वही खाली आली. तो म्हणाला, "मूळ जागा दाखवा. आपण परत रोवू."

ती निघाली. "हितं... न्हाई, हितं न्हाई. जरा खालतीकडं व्हतं." कुंडलिक खाली मान घालून दोन्ही हातांनी टाकळा उपटत राहिला. ती चाचपत फिरली. तिसऱ्या फेरीला तिची टाच नेमकी पोराच्या उशाशी टेकली. मित्रांनो, मला ठाऊक होतं! पण जमिनीला तोंड कुठं असतं? ती पुढं गेली.

मूळ खूणच हरवली, मापं जुळेनात. कागदावर लिहिलं गेलं, "जमिनीचा भरवसा नाही." पॅनेलं आली नाहीत. त्याचं मला काही वाटत नाही. पण रंगाचा डबा उघडण्याआधी वाटेवरच्या एका बाईला 'हे कुणाचं?' म्हणून विचारायला किती वेळ लागला असता? शिकलेल्यांनो, सांगा ना! ओसाड दिसलं की ते बेवारशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मोजा, जरूर मोजा, पण आधी विचारा.

गोजरबाई अजून येते. रस्त्यावरच वहाणा काढते आणि अनवाणी आत शिरते. पोर कुठंही असेल, पाय कुठं पडेल सांगता येत नाही.